साडेसात रुपये महिना

मुंबईतले एखादे घर. दारावरची बेल वाजते. बाहेर हातात कागद घेतलेला तरुण उभा आहे. तो काही विकायला आलेला नाही, गणपतीची वर्गणीही मागत नाही. त्याला एवढेच विचारायचे आहे की बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान टिकावे म्हणून तुमचे कुटुंब महिन्याला किती रुपये द्यायला तयार आहे.

१९९० च्या दशकात हा प्रश्न मुंबईकरांना खरोखर विचारला गेला. त्या पाहणीवरचा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी उत्तर होते दर कुटुंबामागे महिना साडेसात रुपये, तेही पुढची पाच वर्षे. त्याला शहरातल्या कुटुंबांच्या संख्येने गुणले, पुढे मिळणाऱ्या पैशांचे आजचे मूल्य काढले आणि संशोधकांनी आकडा मांडला: १०३ कोटी ३० लाख रुपये.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. शंभर चौरस किलोमीटरचे जंगल, कान्हेरीची लेणी, तुळशी आणि विहार हे दोन तलाव, भर वस्तीला खेटून राहणारे बिबटे, आणि या सगळ्याचे महिना साडेसात रुपये! केबलवाला त्याच्या कितीतरी पट घेत होता. पण मग वाटले, आकडा लहान असेल, तरी तो जमेच्या बाजूला लिहिलेला आहे. एरवी जंगलापुढे रुपयांचा आकडा येतो तो खर्चाचा असतो. पगार, कुंपण, जीपगाडी, वणवा विझवणे. जमेला तिकीटखिडकीवरची रक्कम सोडली तर रकाना कोरा. जे जंगल पाणी मुरवते, हवा गार ठेवते, माती धरून ठेवते, त्याबद्दल त्याने कधी बिल पाठवलेले नाही. आणि बिल आले नाही की खर्च झालाच नाही, असे मानायची सवय आपल्या सगळ्या हिशेबनिसांना आहे.

मराठीत या व्यवहाराला एकाहून अधिक शब्द आहेत हे बरे आहे. भाव बाजारात ठरतो आणि संध्याकाळपर्यंत बदलतो. दर सरकार ठरवते. किंमत मोजावी लागते, बऱ्याचदा उशिरा. आणि मोल असते ते माणसागणिक वेगळे. निसर्गाच्या कामाची ‘किंमत’ काढणारे अर्थतज्ज्ञ प्रत्यक्षात या चारांपैकी नेमके काय काढत असतात, ते दर वेळी तपासून घ्यावे लागते. त्यांच्या आकड्यांवरून होणारी बरीचशी भांडणे या चार शब्दांच्या गल्लतीतूनच झालेली आहेत.

दारोदार फिरून विचारण्याची पद्धत मुंबईत आली त्याआधी अमेरिकेतल्या एका मोठ्या खटल्याने तिला प्रसिद्धी दिली होती. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्यावर खडकाला धडकले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात गेले. मासेमारांचे नुकसान मोजता येत होते. पण जे लोक आयुष्यात कधी अलास्काला जाणार नव्हते, त्यांचेही काही गेले का? अलास्का राज्याने देशभरच्या कुटुंबांना विचारायला लावले की पुन्हा असे होऊ नये म्हणून तुम्ही काय द्याल. गुणाकार झाला २८० कोटी डॉलरचा. तेलकंपनीच्या बाजूच्या अर्थतज्ज्ञांनी यावर कडाडून टीका केली. तोंडाने बोललेले पैसे खिशातून निघतातच असे नाही, हा त्यांचा मुद्दा लग्नाच्या याद्या केलेल्या कोणालाही पटेल. शेवटी केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलविजेत्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने १९९३ मध्ये सांगितले की प्रश्न नीट, सावधपणे विचारला तर असे उत्तर न्यायालयात निदान सुरुवातीचा आकडा म्हणून चालेल.

मला या पद्धतीची अडचण वेगळीच वाटते. माणूस किती देतो हे त्याच्या इच्छेवर जेवढे अवलंबून, तेवढेच त्याच्या पाकिटावर. उद्यानातल्या पाड्यावर राहणाऱ्या वारली कुटुंबाचे पाणी, सरपण, रानभाजी, वाघोबा सगळे त्याच जंगलात. पण रुपयांत विचारले तर ते कुटुंब कांदिवलीच्या दोन बेडरूमच्या घरापेक्षा कमीच सांगणार. मग जंगल कोणाला जास्त मोलाचे ठरले?

याहून मोठी खोट अशी की लोक त्यांना आवडणाऱ्या गोष्टीला पैसे देतात. समजा तोच तरुण कागद घेऊन १९९० साली मराठवाड्यातल्या एखाद्या गावात गेला असता आणि त्याने विचारले असते की गिधाडे टिकावीत म्हणून महिन्याला काय द्याल? लोकांनी त्याला आधी पाणी पाजले असते आणि मग वेड्यात काढले असते. गिधाड म्हणजे अशुभ, घाण, शिवी द्यायला वापरायचा पक्षी. उत्तर शून्य आले असते, आणि शून्य हा काही कारकुनी चुकीचा आकडा नसता. ते लोकांचे प्रामाणिक मत असते.

त्या गावाबाहेर ढोरे टाकायची एक जागा असे. मेलेला बैल तिथे आणून टाकला की काही वेळातच आकाशात ठिपके गोळा होत आणि तासाभराच्या आत हाडे उरत. कुजणे नाही, दुर्गंधी नाही, ओढ्यात घाण उतरणे नाही. देशात तेव्हा गिधाडे कोटींनी होती आणि गुरेही कोटींनी मरत होती. दोन्हींचा मेळ आपोआप बसत होता. गावाला ही सफाई फुकट वाटे. खरे तर ढोर ओढून तिथवर नेण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या महारांच्या माथी मारलेले होते, आणि १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस आणि असली अपमानाची कामे सोडून देण्याचे आवाहन केले ते याच व्यवस्थेविरुद्ध. त्यामुळे ‘फुकट’ हा शब्द वापरताना मी जरा थबकतो. गावाला जे फुकट पडते त्याची किंमत गावकुसाबाहेर कोणीतरी मोजत असते.

पुढे काय झाले ते एका इंजेक्शनात मावते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक माणसांसाठी आधीपासून होते. १९९० च्या दशकात त्याचे पेटंट संपले, स्वस्त औषधे बाजारात आली आणि लंगडणाऱ्या, कास सुजलेल्या, ताप आलेल्या जनावरांना ते सर्रास टोचले जाऊ लागले. औषध अंगात असतानाच जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की काही दिवसांत पक्ष्याचे मूत्रपिंड बंद पडे आणि आतड्याकाळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर जमे. सगळी ढोरे विषारी असण्याची गरज नव्हती. शंभरात एखाद्या मढ्यात औषध असले तरी पुरत होते, कारण एका मढ्यावर पंगत मोठी बसे आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात नऊशे नव्व्याण्णव या प्रमाणात संपली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरला ही घसरण टिपली होती, पण कारण सापडले ते २००४ मध्ये, लिंडसे ओक्स यांच्या चमूला, पाकिस्तानात. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीची मोठी बाटली गोठ्यात पोचतच राहिली. २०१५ मध्ये ती ३ मिलिलिटरपुरती करावी लागली.

गिधाडे गेल्यावर ढोरे तशीच पडू लागली. कुत्रे वाढले. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत, जिथे पारशी आपले मृतदेह गिधाडांवर सोपवत, पक्षी येईनासे झाले तेव्हा पारशी समाजाला सूर्याचे किरण एकवटून तापवणारी यंत्रे बसवावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या जे आकाशातून येत होते, त्यासाठी यंत्र विकत घ्यावे लागले.

आता आकडे. अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला तो कुत्र्यांमार्फत: गिधाडांच्या अभावी सुमारे ५५ लाख कुत्रे वाढले, त्यांनी जादा चावे घेतले आणि रेबीजने सुमारे ४७ हजार जादा माणसे मेली. १९९३ ते २००६ या काळातले नुकसान ३,४०० कोटी डॉलर. पुढे इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी दुसरी वाट धरली. जिथे गिधाडांना मानवणारा प्रदेश होता ते जिल्हे आणि जिथे नव्हता ते जिल्हे, यांच्या मृत्युदरांची त्यांनी औषध येण्याआधीची आणि नंतरची तुलना केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा माणसे मेली आणि नुकसान होते वर्षाला ६,९४० कोटी डॉलर.

पक्षी तेच, देश तोच. एक आकडा चौदा वर्षांचा ३,४०० कोटी, दुसरा एका वर्षाचा त्याच्या दुप्पट. कोणी खोटे बोलले का? नाही. पहिल्याने रेबीज मोजला; दुसऱ्याने पाणी नासण्यापासून सगळे मरण मोजले. शिवाय माणूस मेल्यावर डॉलरचा आकडा येतो तो एका जिवाचे काही मूल्य धरल्यावरच. दुसऱ्या अभ्यासात ते होते ६ लाख ६५ हजार डॉलर. ते बदला, गिधाडाची किंमत बदलेल. असा आकडा वाचताना मी म्हणून डॉलरकडे आधी बघत नाही, त्यामागच्या मोजदादीकडे बघतो. पाच लाख माणसे हा शोध आहे. ६,९४० कोटी डॉलर हे त्याचे भाषांतर आहे, अर्थमंत्र्यांना कळावे म्हणून केलेले.

आणि मला सगळ्यात बोचते ते हे: हा हिशेब गिधाडे गेल्यावरच करता आला. असताना करता येत नव्हता, कारण सेवा चालू असते तेव्हा ती दिसत नाही. नळ कोरडा पडेपर्यंत पाणीखात्याची आठवण कोणाला येते?

बोरिवलीकडे परत येऊ. तिथल्या बिबट्यांचाही हिशेब झालेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी म्हटले की उद्यान आणि परिसरातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटके कुत्रे खातात, त्यामुळे सुमारे हजार चावे आणि रेबीजच्या ९० पर्यंत संभाव्य घटना टळतात, आणि कुत्र्यांच्या नसबंदीवरचे वर्षाला १८ हजार डॉलर वाचतात. हेडलाइन छान झाली. पण १८ हजार डॉलर म्हणजे तेव्हाचे बारा-तेरा लाख रुपये. एवढ्यात एखादा कंत्राटदार दोन गाड्या लावून कुत्रे पकडून देईल, तेही टेंडर भरून! बिबट्या राहावा म्हणून हाच मुद्दा पुढे केला, तर उद्या कोणी स्वस्तात नसबंदी करून दाखवली की बिबट्याची नोकरी गेली. शिवाय खर्चाची बाजू त्या आकड्यात नाही. २००४ मध्ये याच परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मेली, आणि ती प्रामुख्याने उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांतली आणि पाड्यांवरची होती. सेवा शहराला मिळते, धोका पाड्याच्या वाट्याला येतो. बेरजेत दोन्ही मिसळले की हे दिसेनासे होते.

नोकरी जाण्याची ही भीती कल्पनेतली नाही. कोस्टा रिकात फिन्का सांता फे नावाचा कॉफीचा मळा होता. जंगलाच्या जवळच्या झुडपांवर रानमाश्या येतात, फलन चांगले होते आणि एक किलोमीटरच्या आतल्या कॉफीचे उत्पन्न २० टक्क्यांनी वाढते, असे तिथे मोजमापाने दिसले. त्यावरून शेजारच्या जंगलाच्या तुकड्यांची किंमत निघाली: त्या एका मळ्यापुरती वर्षाला ६० हजार डॉलर. २००४ मध्ये हा निबंध आला आणि जंगल राखणे हा धंद्याचाही शहाणपणा आहे याचे ते आदर्श उदाहरण ठरले. त्याच सुमारास कॉफीचे भाव पडले होते. मळेवाल्याने कॉफी उपटली आणि अननस लावला. अननसाला परागीभवनासाठी माशी लागत नाही. जंगल तेच, माश्या त्याच, आणि किंमत ६० हजारांवरून शून्यावर. डग्लस मॅकॉली यांनी २००६ मध्ये हे लिहून दाखवले तेव्हा या क्षेत्रातल्या बऱ्याच मंडळींना ते झोंबले.

आपल्याकडे याची उलटी बाजू दिसते. कांद्याचे बी धरणारा शेतकरी डोंगळ्याला फुले आली की माश्यांची वाट बघतो. पूर्वी वाट बघावी लागत नसे. बांधावरची झाडे गेली, फवारण्या वाढल्या आणि माश्या कमी झाल्या. मग गुळाचे पाणी शिंपडणे आले आणि आता बियाण्याच्या कांद्यासाठी आणि डाळिंबासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणल्या जातात. चीनच्या हानयुआन भागात त्याच्या पुढची पायरी गाठली गेली: नाशपातीच्या झाडावर चढून माणसे फुलाफुलाला हाताने पराग लावतात. सेवा आटली की तिला भाव येतो. बाजार निसर्गाची किंमत करत नाही असे म्हणतात ते अर्धेच खरे आहे. तो करतो, पण टंचाई झाल्यावर.

तुकड्यातुकड्याने चाललेला हा उद्योग १९९७ मध्ये एकदम पृथ्वीवर जाऊन पोचला. रॉबर्ट कॉस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात जगातल्या १७ प्रकारच्या निसर्गसेवांची बेरीज मांडली: वर्षाला ३३ लाख कोटी डॉलर. त्या वेळी सगळ्या जगाचे एकूण उत्पन्न १८ लाख कोटी होते. म्हणजे निसर्ग आपल्याला जे देतो ते विकत घ्यायचे ठरवले तर सगळे जग विकूनही पैसे कमी पडतील! अर्थतज्ज्ञांनी कपाळाला हात लावला. किरकोळीतला भाव घेऊन घाऊक माल गुणायचा नसतो. एक एकर पाणथळ बुजवली तर काय जाते हे सांगता येते, सगळ्या पाणथळी गेल्या तर काय जाते याला भाव लावणारा माणूसच शिल्लक राहत नाही. मायकेल टोमन यांनी तर चिमटा काढला की हा अनंताचा बऱ्यापैकी कमी लेखलेला अंदाज आहे. त्या टीकेत तथ्य आहे, तरीही त्या निबंधाने एक काम केले. त्यानंतर ‘निसर्गसेवा’ हा विषय वनाधिकाऱ्यांच्या टेबलावरून अर्थखात्याच्या टेबलावर गेला. पवन सुखदेव हे बँकेतले गृहस्थ पुढे याच विषयाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे नेते झाले, आणि २०२१ मध्ये पार्थ दासगुप्ता यांनी ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्यासाठी लिहिलेल्या अहवालात सांगितले की १९९२ ते २०१४ या काळात जगात माणशी यंत्रे-रस्ते-इमारती दुप्पट झाल्या आणि माणशी नैसर्गिक भांडवल सुमारे ४० टक्क्यांनी घटले. दुकानदाराला हे लगेच कळेल. गल्ल्यात पैसे वाढताहेत आणि गोदाम रिकामे होत आहे.

सगळे रुपयांत आणावेच लागते असे नाही, हे मला ओडिशाच्या एका अभ्यासाने शिकवले. १९९९ च्या महाचक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या ज्या गावांसमोर कांदळवनाचा पट्टा रुंद होता तिथे माणसे कमी मेली. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये मांडले की तो पट्टा नसता तर किनाऱ्यापासून दहा किलोमीटरच्या आत दर गावामागे सरासरी १.७२ माणसे आणखी मेली असती. त्यांनी हेही लपवले नाही की सरकारने वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने कांदळवनापेक्षा जास्त जीव वाचवले. निसर्गाची बाजू मांडताना एवढा प्रामाणिकपणा क्वचित दिसतो, आणि म्हणूनच त्या आकड्यावर माझा विश्वास बसतो. आपल्या कोकणात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाच्या लोकांना तर आकड्याचीही गरज पडली नव्हती. त्यांची देवराई तोडीसाठी निघाली तेव्हा ती वाचवावी म्हणून ते देवरायांचे अभ्यासक वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांच्याकडे गेले. गावाचा ओहळ त्या राईतून निघतो, राई गेली की तो आटेल, एवढे त्यांना ठाऊक होते.

याउलट खटकतो तो ऑक्सिजन. कोलकात्याचे प्राध्यापक टी. एम. दास यांनी १९७९ च्या सुमारास हिशेब केला की ५० वर्षे जगलेले एक झाड १५ लाख ७० हजार रुपयांचे काम करते. हा आकडा आपल्या बागांतल्या पाट्यांवर, शाळांच्या भिंतींवर पिढीभर राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बातमी आली की सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली आहे. त्यातले ४५ हजार ऑक्सिजनचे. दोन महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली, सिलिंडरसाठी रांगा लागल्या आणि हा आकडा मोबाइलवर फिरू लागला. पण हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे आणि झाडे कमी झाल्याने तो कमी पडत नाही. जुने जंगल जितका सोडते जवळपास तितकाच कुजण्यात परत घेते. दवाखान्यातल्या सिलिंडरचा भाव झाडाला लावणे म्हणजे बाटलीबंद पाण्याच्या दराने समुद्राचे मोल काढण्यासारखे आहे. झाडाची खरी कमाई सावली, गारवा आणि पाणी मुरवणे यांत आहे. एप्रिल महिन्यात नागपुरात स्कूटर लावायला जागा शोधणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

त्या समितीपुढचे प्रकरण होते पश्चिम बंगालातल्या जेसोर रोडवरचे. रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडायची होती. समितीने त्यांची किंमत सुमारे २२० कोटी काढली, शंभरी ओलांडलेल्या झाडाला कोटीच्या वर मूल्य सांगितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झाडे तोडायला परवानगी दिली. महाराष्ट्राच्या नागरी वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने रुपये बाजूला ठेवून वर्षे आणली: जितके झाडाचे वय, तितकी नवी झाडे लावायची. कल्पना मला आवडते. फक्त साठ रोपे म्हणजे साठ वर्षांचे झाड नव्हे, आणि साठ रोपांना जागा कुठे आहे तेही कोणी सांगत नाही.

भारतात या सगळ्या विद्येचे ‘दर’ मात्र एकाच ठिकाणी झाले. निलंबूरच्या टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी १९९५ मध्ये केलेली याचिका पुढे देशभरच्या जंगलांचा खटला झाली. त्यातून नियम आला की खाण, धरण, रस्ता यासाठी वनजमीन वळवायची तर पर्यायी लागवडीच्या खर्चाखेरीज त्या जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ही भरावे लागेल. कांचन चोप्रा यांच्या समितीने पद्धत सुचवली, २००८ मध्ये दर ठरले: जंगलाचा प्रकार आणि दाटपणा पाहून हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार. जानेवारी २०२२ मध्ये ते वाढून ९ लाख ५७ हजार ते १५ लाख ९५ हजार झाले. जंगल फुकट घेता येत नाही हे तत्त्व यातून रुजले, आणि ते लहान काम नव्हते. पण दरपत्रक हाती आले की विचारण्याची भाषा बदलते. घ्यावे की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि किती भरायचे एवढेच उरते. जंगलावर जगणाऱ्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला किंवा मेळघाटातल्या कोरकू आदिवासींना ही रक्कम मिळत नाही. ती निधीत जमा होते, आणि निधीतून झाडे लागतात ती कुठेतरी दुसरीकडे.

या दरपत्रकाचा मी एकदा घरबांधणीच्या भाषेत अनुवाद करून पाहिला. हेक्टरमध्ये १ लाख ७ हजार ६३९ चौरस फूट असतात. सर्वांत वरच्या दराने, म्हणजे घनदाट, उत्तम प्रतीच्या जंगलाला चौरस फुटामागे पंधरा रुपयेही पडत नाहीत. राष्ट्रीय उद्यानाला दहापट दर आहे, म्हणजे दीडशेच्या आत. बोरिवली, मुलुंड किंवा ठाण्यात उद्यानाच्या कुंपणाला लागून ज्या इमारती आहेत तिथला चौरस फुटाचा भाव एखाद्या दलालाला विचारून पाहा. मग त्याच इमारतीत जंगलाकडे तोंड असलेल्या घराचा आणि रस्त्याकडे तोंड असलेल्या घराचा भाव वेगवेगळा विचारा. तो फरक हीसुद्धा निसर्गाची किंमतच आहे, आणि ती अगदी रोख मोजली जाते. ती बिल्डर घेतो. उद्यानाच्या खात्यात त्यातले काही जमा होत नाही.